दिलदारभाई आणि तापलेला सर्व्हर

अमरसिंह पाटलांच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीत दिलदार मुजावर वीस वर्षं लेथवर होते. डाव्या हाताची दोन बोटं मशिनीत गेली, तेव्हा मालकांनी त्यांना ड्रॉइंगच्या खोलीत बसवलं. तिथं ते कॉम्प्युटर शिकले आणि पुढं सर्व्हरची देखभालही त्यांच्याकडंच आली. पंपांच्या आणि ट्रॅक्टरच्या बाराशे भागांची ड्रॉइंगं त्या एका पेटीत होती.

यंदा इंजिनिअर क्रांती मॅडमनी सर्व्हरवर एक नवं सॉफ्टवेअर बसवलं. फायलींचे विखुरलेले तुकडे ते सतत जुळवत राहायचं, त्यामुळं ड्रॉइंग झटक्यात उघडायचं. सगळे खूश झाले. दिलदारभाई मात्र तिसऱ्याच दिवशी बेचैन. पूर्वी जेवणाच्या सुट्टीत सर्व्हर गप्प व्हायचा. आता कुणी काम करत नसलं तरी आत खरखर चालूच. त्यांनी हात लावून पाहिला, तर चटका बसला.

"मॅडम, डिस्क दम घेत न्हाय. बेअरिंग जायच्या आधी मशीन असंच बोलतंय."

"अहो, स्क्रीन बघा की. सगळं हिरवं दाखवतंय," क्रांती हसून म्हणाली. "आणि दोन डिस्क हायत. एक गेली तर दुसरीत नक्कल हाय."

"दोन्ही एकाच दिवशी घेतल्यात. दोन्ही सारख्याच राबत्यात."

सॉफ्टवेअर बंद करा म्हणून ते मालकांकडंही गेले. मोठी ऑर्डर तोंडावर होती. "एवढा महिना जाऊ दे दिलदार," मालक म्हणाले.

दिलदारभाईंना राहवेना. दर तासाला उठून ते पेटीला कान लावायचे. समोर टेबलफॅन आणून ठेवला. घरी बायको नजीरा विचारायची, "ताटावर बसलाय, पण ध्यान कुठं हाय तुमचं?" ते नुसतं हूं म्हणायचे. शेवटी एक वेगळी डिस्क मागून घेऊन त्यांनी ड्रॉइंगं तिच्यात उतरवायला सुरुवात केली. कामाच्या वेळी कॉपी लावली की सगळे खोळंबायचे आणि संध्याकाळी कारखान्याची वीजच बंद व्हायची. म्हणून फक्त जेवणाच्या सुट्टीत, रोज जेमतेम चाळीस. स्वतःचा डबा ते उभ्याउभ्याच खायचे.

साडेआठशे झाली होती. मंगळवारी सकाळी अकराला आतून टक्‌टक्‌ आवाज आला आणि एक डिस्क थांबली. क्रांती धावत आली, सॉफ्टवेअर बंद केलं, नवी डिस्क जोडली. दुसरीतली नक्कल नवीत उतरू लागली आणि अर्ध्यावर तीही थांबली. नवीतलं काहीच उघडेना. क्रांती स्टुलावर बसली.

"तुमचं ऐकायला पाहिजे होतं."

दिलदारभाईंनी आपली वेगळी डिस्क टेबलावर ठेवली. आपलं खरं ठरलं याचा आनंद त्यांना अजिबात झाला नाही. "ते ऱ्हाऊ दे. साडेतीनशे ड्रॉइंगं कुठनं आणायची ते बोला."

गोदामात त्या भागांचे लाकडी नमुने होते, ज्यांवरून वाळूत साचे पाडतात. दोघांनी एकेक नमुना काढून मापायला घेतला. दिलदारभाई व्हर्नियर धरायचे, क्रांती कॉम्प्युटरात आकडे घालायची. लोखंड निवताना आकसतं म्हणून नमुना जरा मोठाच असतो. तेवढा फरक वजा करावा लागायचा. यात दोन महिने गेले. एकवीस नमुने वाळवीनं खाल्लेले निघाले.

ते नमुने करणारे जोतीराम सुतार आता नेसरीत राहत होते. दोघं रविवारी एसटीनं गेले. ऐंशीच्या घरातल्या जोतीरामांनी फोटो निरखले आणि अंगणात खडूनं आकार काढून मापं सांगितली, पण सातांचीच.

"बाकीची खोटी सांगू का? आठवत न्हाईत," ते म्हणाले.

सोमवारी दिलदारभाईंनी उरलेल्या चौदा भागांच्या गिऱ्हाइकांना स्वतः फोन लावले. "आमच्याकडनं ड्रॉइंग गेलं, पावणं. जुना एखादा भाग असंल तर धाडा." पाच जणांनी पाठवले. एकानं शिव्या घालून फोन ठेवला. त्या भागाचं काम दुसऱ्या फौंड्रीकडं गेलं. बाकीच्या आठांचा जुना भाग कुणाकडंच निघाला नाही, ती ड्रॉइंगं कायमची गेली.