आप्पांचा न जमलेला पाव

भट्टीतून निघालेला पाव आप्पा आधी कानाला लावायचे. नाकाला नाही, तोंडाला नाही, थेट कानाला. फडक्यात धरलेला तो हातभर लांब, दोन्ही टोकांना निमुळता पाव कानाशी नेऊन डोळे मिटून उभे राहायचे. चांगला पाव गार होताना त्याचं वरचं पातळ कवच तडतडतं, अगदी बारीक. तडतडला की आप्पा म्हणायचे, "बोलला!" नाही तडतडला तर ओट्यावर ठेवून द्यायचे आणि म्हणायचे, "मुका निघाला गड्या." त्या घरात माझ्याखेरीज त्यांच्याशी बोलणारं कोणी नव्हतं, त्यामुळे मला हसूही यायचं आणि वाईटही वाटायचं.

मी तेव्हा बारामतीत एका कॉलेजात अकाउंट्स शिकवत होतो. बायको-मुलं इंदापुरात, आणि मी आप्पांच्या घरी वरच्या खोलीत भाडेकरू. कॉलेजात मी प्राध्यापक असलो तरी आप्पांच्या लेखी शिकवणारा तो मास्तर, मग तो कुठंही शिकवो. त्यांनी स्वतः एमआयडीसीतल्या एका डेअरीत बॉयलर सांभाळण्यात उभा जन्म काढला होता. सगळी गल्ली त्यांना बॉयलर आप्पा म्हणायची आणि त्यांना ते आवडायचं.

त्यांची बायको, म्हणजे आमच्या काकू, वारल्यानंतर घरात आप्पा एकटेच उरले. एकुलता एक मुलगा संजय व्हिएतनाममध्ये, सायगावजवळच्या कारखान्यात. लग्नही तिकडचंच. नात झाली, तिचं नाव लान. ती चारेक वर्षांची असताना आप्पा दोन महिने तिकडे राहून आले होते. लानला मराठी येत नव्हतं आणि आप्पांना मराठीशिवाय काही येत नव्हतं. पण रोज सकाळी ती त्यांचं बोट धरून कोपऱ्यावरच्या पाववालीकडे न्यायची आणि गरम पावाचं टोक मोडून आधी त्यांच्या तोंडात घालायची. हे आप्पांनी मला इतक्या वेळा सांगितलं होतं, की ती पाववाली रस्त्यात भेटली असती तर मी ओळखली असती. पुन्हा या असं त्यांना कोणी म्हटलं नाही, आणि आपणहून जाणारा हा माणूस नव्हता.

काकूंच्या वर्षश्राद्धाला संजय बायको-मुलीला घेऊन आला. त्या भेटीचा पार विचका झाला. उन्हानं पोरीच्या अंगावर पुरळ उठलं. संडासात बसायला ती घाबरली. आमटी तिखट, भाकरी गिळवेना, बेकरीतून लादीपाव आणला तर तो तिनं थुंकून टाकला. तिसऱ्या दिवशी मंडळी पुण्याच्या हॉटेलात गेली आणि तिथूनच परत.

पुढच्या फोनवर संजय म्हणाला, "आप्पा, यायचं खूप आहे हो, पण पोरीला ऊन सोसत नाही." आप्पांनी कूलर बसवला. मग संजय म्हणाला, संडासाचं अवघड होतं. आप्पांनी कमोड बसवून घेतला, फरशी बदलली. मग संजय म्हणाला, "तिला तिकडचाच पाव लागतो, दुसरं काही खात नाही. तेवढं सोडलं तर काही अडचण नाही."

दुसऱ्या कुणी काय ते ओळखलं असतं. मी तर कूलरच्या वेळीच ओळखलं होतं. पण आप्पा बॉयलरवाले. "फॉल्ट कळला म्हंजे निम्मं काम झालं, मास्तर. आता काढायचा तेवढा ऱ्हायला." त्यांनी ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून पत्र्याची भट्टी करून घेतली, मैदा आणला, यीस्ट आणलं, आणि मोबाइलवर व्हिएतनामी बायकांचे व्हिडिओ लावून बसले. भाषा एक अक्षर कळायची नाही. हात कळतात म्हणायचे.

त्या पावाचं मर्म वाफेत असतं. पाव भट्टीत गेल्या गेल्या कोंडलेली वाफ मिळाली तर तो फुगतो आणि कवच कागदासारखं पातळ होतं. वाफ म्हटल्यावर आप्पांच्या अंगात वेगळंच वारं शिरायचं. भट्टीच्या तळाशी लोखंडी ताटात जुने नटबोल्ट तापवून ठेवलेले असायचे. पावावर दाढीच्या ब्लेडनं चीर द्यायची, पाव आत सरकवायचा, नटबोल्टांवर उकळतं पाणी ओतायचं आणि फस्स झालं की धाडकन दार लावायचं. या कामाला ते जुना खाकी शर्ट घालून उभे राहायचे, आणि दार लावल्यावर कोणी बोललेलं त्यांना खपायचं नाही. "ड्यूटीवर हाय मी."

पाव भाजला की खाणार कोण, हा प्रश्न मात्र रोजचा. दुपारपर्यंत कवच मऊ पडतं, म्हणजे सकाळीच संपवायला हवा. मी खाऊन खाऊन किती खाणार? आप्पा त्यात अंड्याची पोळी, व्हिनेगरमध्ये मुरवलेलं गाजर-मुळा आणि कोथिंबीर भरून द्यायचे. एकदा पिशवीभर पाव घेऊन ते लोणी भापकरला भावाच्या घरी गेले. भावजय पिशवीतले पाव बघून दारातच थबकली. "अगं बया! कुणाला ॲडमिट केलंय?" आमच्याकडे पाव म्हणजे आजाऱ्याचं खाणं, दुसरं काय वाटणार तिला! कोणी आजारी नाही म्हटल्यावर सगळ्यांनी ते पाव चहात बुडवून खाल्ले. आप्पा फणफणत परत आले. "मऊच करून खायचा तर मी वाफ कशापायी दिली?" त्यानंतर लोणीला पाव गेला नाही, आणि आप्पांचं जाणंही कमी झालं.

एका शनिवारी मीही हट्टानं दोन पाव इंदापूरला नेले. एसटीत मांडीवर सांभाळून नेले, पण घरी पोचेपर्यंत ते चामट झाले होते. बायकोनं बिचारीनं चांगले आहेत म्हणून खाल्ले. सोमवारी आप्पांना सांगितलं, तर त्यांना नवल वाटलं नाही. "ह्यो पाव परगावी जात न्हाय, मास्तर. खाणारानं हितं यावं लागतं."

दर रविवारी व्हिडिओ कॉल यायचा. आप्पा धुतलेला सदरा घालून बसायचे. लान दिसली की मोठ्यानं विचारायचे, "जेवलीस का गं बाळ?" ती हात हलवायची, काहीतरी बोलायची आणि पळून जायची. दर वर्षी ती थोडी उंच झालेली दिसायची. मग संजय विचारायचा, "जमला का पाव?" आणि त्या आठवड्यात काय बिघडलं ते आप्पा तपशिलात सांगायचे. बाप-लेकाचं बोलणं तेवढंच. पावाआधी तर तेही नव्हतं.

आणि एका रविवारी पाव जमला. कवच इतकं पातळ, की मोडताना चुरा सगळ्या ओट्यावर उडाला. आत कापसासारखा, हाताला वजनच नाही. आप्पांनी टोक मोडून तोंडात घातलं आणि चावता चावता थांबले. "ह्योच त्यो," एवढंच म्हणाले आणि स्टुलावर बसून राहिले. मीही खाल्ला आणि खरं सांगतो, आनंदानं माझे डोळे भरून आले. आता फोन आला की आप्पा उडीच मारणार!

फोन आला. लान हात हलवून गेली. संजयनं विचारलं, "जमला का पाव?"

"न्हाय रं बाबा," आप्पा म्हणाले. "अजून जरा कडकच हुतोय. जमंल हळूहळू."

फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "आप्पा, अहो, असं काय सांगितलंत?"

ते ओट्यावरचा चुरा तळहातानं गोळा करत होते. "कूलर झाला, कमोड झाला. आता पाव बी झाला म्हणलं, तर त्यानं काय सांगायचं, मास्तर? त्याला बी सांगायला कायतरी ऱ्हाऊ द्या की."

म्हणजे या माणसाला सगळं कळत होतं. कधीपासून, ते विचारायचा मला धीर झाला नाही.

पुढे माझी बदली इंदापूरला झाली. आप्पांना फोन केला की ते तिथल्या उन्हापावसाचं विचारतात, मुलांचं विचारतात, पावाचं बोलत नाहीत. पाव रोज भाजतात, हे मला गल्लीतल्या लोकांकडून कळतं. अधूनमधून संजयचा फोन येतो. आप्पांची तब्येत कशी आहे विचारतो, आणि मग पावाचं काय झालं, ते विचारतो.

"थोडक्यासाठी राहतोय," मी सांगतो.

"जमला की मला कळवा हं, सर," तो म्हणतो. "लगेच निघतो आम्ही."