देव, अमोनाइट आणि आईचं घंगाळ

मी उदगीरच्या एका शाळेत विज्ञानाचा मास्तर होतो. देवाला हात जोडायचो, पण आई बघत असली तरच. माझी खरी भक्ती अमोनाइटवर. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात राहणारा, वेटोळ्या शंखातला हा जीव मेला आणि दगड होऊन बसला. माझा मेव्हणा कच्छात नोकरीला होता, तो असले दगड पाठवायचा. मी ते घासूनपुसून, नावाच्या चिठ्ठ्या चिकटवून काचेच्या कपाटात मांडले होते. एकदा उत्साहाच्या भरात आईलाही सांगितलं, की आपल्या देवघरातला शाळिग्रामसुद्धा अमोनाइटच, आत तेच चक्र असतं. आई "हाव का?" म्हणाली आणि गप्प बसली. आई गप्प बसली की सावध व्हावं, हे मला तेव्हाच कळायला पाहिजे होतं.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या जिल्ह्याच्या विज्ञान प्रदर्शनात माझे अमोनाइट मांडायचे ठरले आणि माझे पाय जमिनीवर राहिले नाहीत. साल दुष्काळाचं. आमच्या आडातून बादली खडखडत वर यायची. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी बघतो तर कपाट रिकामं. आईने पावसासाठी देव पाण्यात घातले होते. देवघरातला शाळिग्राम, आणि त्याच्यासोबत माझं अख्खं कपाट, पितळेच्या घंगाळात. चिठ्ठ्या वर तरंगत होत्या.

"आई, हे काय केलंस?"

"तूच म्हणलास की, समदे एकाच जातीचे हाईत. आपला देव एकटाच सांगून राहिला, त्याचं कोण ऐकंना. आता समदे मिळून सांगतील."

"मला ते लातूरला न्यायचेत."

"ने की. पर पाऊस येईपतोर पाण्याच्या भाईर काढायचे न्हाईत. एकाची बी पाठ कोरडी पडली तर मी अन्नाला शिवणार न्हाई."

मागे अशाच एका हट्टापायी ती चक्कर येऊन पडली होती. आणि तिच्याशी खोटं बोलायची सोय नाही, माझे कान लाल होतात. झक मारत घंगाळ उचललं आणि एसटीत मांडीवर घेऊन बसलो.

नळेगावच्या अलीकडे शेळ्या आडव्या आल्या. ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला आणि निम्मं पाणी माझ्या पॅंटवर. घंगाळात अमोनाइटच्या पाठी उघड्या पडल्या. खिडकीतून नुसत्या झळा. मी रुमाल भिजवून एकेकाची पाठ पुसत बसलो. आईचं उपाशी तोंड डोळ्यांपुढून हलेना. रडायचं तेवढं बाकी होतं. मग पहिल्यांदाच, आई बघत नसताना, मनात म्हणालो, आता तूच बघ बाबा.

शेजारी फिरकीच्या झाकणाचा तांब्या सांभाळत एक म्हातारा बसला होता.

"मास्तर, हे देव हाईत का गोगलगाई?"

मी खरं तेच सांगितलं. "समुद्रातला जीव आहे. मरून कोट्यवधी वर्षं झाली."

"तवापासून पाणी न्हाई त्याला?"

"नाही."

"लई तहानला असंल की मंग," म्हणत त्याने फिरकी उघडली आणि अर्धा तांब्या घंगाळात ओतला.

त्या साली लोक पाहुण्याच्या हातावर गूळ ठेवायचे आणि पाणी विचारायला बिचकायचे. पण म्हाताऱ्याचं बघून मागची बाई उठली, तिच्यामागून आणखी कोणी. "थोडा मेरा भी लेव मास्टरसाब," म्हणून कंडक्टरने आपली बाटली उपडी केली. मी घंगाळ दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, हे पाण्यात का? मी म्हणालो, ते त्यांचं घर आहे. ओल्या दगडावर रेघ न् रेघ उठून दिसत होती, कपाटात ती कधी दिसली नव्हती. बघायला येणारे चौकशी करायचे आणि जाताना चूळभर पाणी घालून जायचे. बक्षीस सौरचुलीला मिळालं.

संध्याकाळी घरी आलो. आई ताट न वाढता बसून होती. तिने घंगाळात हात घातला.

"जाताना बोटभर होतं, आता मनगटापतोर हाय. तिकडं पाऊस पडला काय?"

"नाही. लोकांनी घातलं."

तिने माझ्या कानांकडे नीट पाहिलं. मग म्हणाली, "काढ देव भाईर. पाणी मागितलं, पाणी आलं. ते कुठून द्यायचं ते त्याचं तो बघंल."

पाऊस पुढे बरेच दिवस आला नाही. ते पाणी आईने तुळशीला आणि म्हशीला घातलं आणि जेवायला बसली. तिने पहिला घास घेतला तेव्हा माझे हात आपसूक जोडले गेले. शाळिग्रामाला की अमोनाइटला, ते काही मला सांगता येणार नाही. सगळे एकाच परातीत निथळत होते.