सोलापुरात भिंतीवर आलेली मेंढरं

मोहोळ मागं पडलं तशी मी पर्समधून कंगवा काढला. एसटीत शेजारी बसलेल्या बाई गालात हसल्या.

"लग्नाला चाललाव जनू?"

"नाही हो, प्रदर्शनाला."

"कसल्या, साड्यांच्या?"

"चित्रांच्या. आणि फोटोंच्या."

"आन् त्येला केस कशाला इंचरायचं?"

आता काय सांगणार! नाशकाहून निघाल्यापासून मला धीर म्हणून नव्हता. पद्मा ही माझी कॉलेजच्या वसतिगृहातली मैत्रीण, सोलापूरच्या तेलुगू विणकर घरातली. वहीच्या मागच्या पानांवर सरांची नाकं काढायची आणि आम्ही तास चालू असताना फिदीफिदी हसायचो. आता तिनं जिल्ह्यातले चित्रकार आणि फोटोग्राफर गोळा करून आपल्या भागातल्या कलादालनात प्रदर्शन भरवलं होतं. "आली नाहीस तर बघच," एवढाच निरोप. मला चित्रातलं कळतं थोडंच, पण बघायची हौस दांडगी!

स्टँडवर उतरून रिक्षा केली. नवी पेठेच्या तोंडाशी रिक्षावाल्यानं हात टेकले. "आगे नै जाती बाई, पैदल जाव." (पुढं रिक्षा जात नाही, चालत जा.) पुढं खरंच मुंगीला शिरायला जागा नव्हती. कापडाची दुकानं, सराफांची दुकानं, पिशव्या सावरत चाललेल्या बायका, आणि त्यातून हॉर्न वाजवत घुसणारा एखादा शहाणा. मी विचारत विचारत बोळात शिरले, घाईघाईनं एक जिना चढले आणि थेट शिवणक्लासात जाऊन उभी राहिले. दहा-बारा मुली मशीन थांबवून माझ्याकडं बघायला लागल्या. "चित्रं पलीकडच्या जिन्यानं हो मावशी," एकजण म्हणाली, आणि मी निघाल्यावर सगळ्या खदखदून हसल्या. हसा म्हटलं!

पलीकडच्या जिन्यावर पद्मा उभीच होती. केस पांढरे, बोटांना रंग, आवाज तोच. मिठी मारतानाच तिनं माझ्या पाठीला निळा हात पुसला.

कलादालन म्हणजे वाचनालयाच्या वरचा एक लांबट हॉल. दारात समई तेवत होती. आत गेले आणि काय बघू नि काय नको असं झालं. बार्शीच्या एका शिक्षकानं धान्याचा बाजार जलरंगात काढला होता, पोत्यांवर पडलेलं ऊन अगदी हात लावून बघावं असं. पद्माचं चित्र मागाचं होतं, पण माग दिसतच नव्हता. नुसते ताणलेले लाल-हिरवे धागे आणि त्यातून बघणारा एक म्हाताऱ्याचा डोळा. "आमचे नाना," ती म्हणाली. मी पुढं सरकले आणि मोठ्यांदा "अगं बाई!" म्हणून ओरडले. सगळे वळले.

समोरची जवळजवळ अर्धी भिंत एकाच फोटोनं व्यापली होती. उघडा माळ, तिरपं ऊन, धुरळा, आणि त्या धुरळ्यातून अंगावर चालून येणारा मेंढरांचा अख्खा कळप! सगळ्यांत पुढं एक थोराड एडका. असा रोखून बघत होता की मी पदर सावरला.

"बरा हाय न्हवं?" मागून कुणीतरी विचारलं. तिशीतला, उंच, दाढीवाला, नव्या शर्टची घडीसुद्धा न मोडलेला. पद्मानं ओळख करून दिली. हा मायाप्पा, सांगोल्याकडचा, धनगराघरचा. लग्नाचे फोटो काढून पोट भरतो आणि उरलेल्या वेळात हे असले चमत्कार करतो.

"बरा? अहो, बेष्ट आहे!" मी म्हटलं.

तो हसला नाही. "आबांनी अजून बघितला न्हाय ताई. आमच्यात अख्खा वाडा (वाडा म्हंजी आमचा कळप) असा परक्यापुढं मांडत न्हाईत. दिष्ट लागती. मी त्यास्नी न इचारता फोटो काढला, न इचारता हितं आनला. कळल्यापास्नं बोलत न्हाईत माज्याशी. आज येनार हाईत. मी शबुद दिलाय, त्ये नको म्हनले तर हितनं उतरवनार, आन् पुना मेंढरांवर कॅमेरा धरनार न्हाय."

"म्हणजे कायमचं बंद?"

"कायमचं."

पद्मानं कपाळाला हात लावला. "अय्यो, निमंत्रणावर तोच फोटो छापलाय मी!"

मायाप्पा वडलांना आणायला स्टँडवर गेला. पद्मानं मला कोपऱ्यात बसवून डबा उघडला. पापडासारखी मोडणारी कडक भाकरी, तेल घातलेली शेंगाचटणी, दही. काय ती चटणी, व्वा! पण पद्माचं लक्ष जेवणात नव्हतं. गल्लीतली पोरं हॉलमध्ये नुसती पळापळी खेळत होती, चित्रांकडं ढुंकून बघत नव्हती. आणि तिच्या डोक्यात एक कल्पना आली. माझं अक्षर चांगलं म्हणून तिनं मलाच बसवलं. मी लाल स्केचपेननं कागदावर झोकात पाटी लिहिली: 'या फोटोत मेंढरं किती? बरोबर मोजणाऱ्यास शेंगाचटणीचं पाकीट!'

पाटी फोटोखाली लागली मात्र, पोरं गोळा झाली. मग त्यांच्या आया. मग खालचे वाचनालयवाले काका चष्मा पुसत आले. सगळे बोट करून मोजतायत, चुकतायत, भांडतायत. मीही मोजत होते. एकीच्या ढुंगणाआड दुसरी लपलेली, तिला धरायचं की नाही यावरून माझी काकांशी चांगलीच जुंपली. पद्मा लांबून अंगठा दाखवत होती. काय रंगत आली होती म्हणून सांगू!

"बोटं खाली!"

दारात मायाप्पाचे आबा उभे. लाल फेटा, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. मागं मायाप्पा, चेहरा पांढराफटक.

"मेंढरं मोजत्यात का कुटं?" आबांचा आवाज फाटला. "आमी जल्मात कदी मोजली न्हाईत! नजरंनं कळतंय, कोन हाय, कोन न्हाय. बोट लावून मोजायची ती काय टोपल्यातली वांगी हाईत व्हय?"

माझं बोट अजून हवेतच होतं. मी ते गपकन पदराखाली घेतलं.

"आबा, चूक माझी आहे," पद्मा पुढं झाली. "मला ठाऊक नव्हतं. मायाप्पाला यातलं काही माहीत नाही."

"पाटी मी लिहिली," मी म्हटलं आणि टरकन फाडली. मेल्याहून मेल्यासारखं झालं. एका चटणीच्या पाकिटापायी त्या पोराचा कॅमेरा जाणार होता!

आबांनी आमच्याकडं बघितलंसुद्धा नाही. काठी लेकाकडं वळवली. "उतरव."

मायाप्पा पुढं झाला. स्टूल ओढलं, चढला, चौकटीला हात घातला. एका बाजूची दोरी खिळ्यावरून निघाली आणि एवढा मोठा फोटो एका अंगाला कलला.

"आरं, हळू!" आबा ओरडले. "पडतील ती!"

काठी टाकून ते पुढं धावले आणि दोन्ही हातांनी चौकट खालून तोलून धरली. खांद्यावरचं घोंगडं जमिनीवर पडलं. तसेच उभे राहिले. त्यांचं नाक काचेपासून वीतभर लांब. आणि मग, मला वाटतं तेव्हाच, त्यांनी फोटो पहिल्यांदा नीट बघितला.

"म्हातारा कसा बघतुय बघ," ते एडक्याकडं बघत पुटपुटले. "आगाव हाय लई."

स्टुलावरून मायाप्पा खाली बघत होता.

"कवा काढलास?"

"उन्हाळ्यात. पाण्यावर निगाला व्हता तुमी, तवा."

"मग मी कुटं हाय?"

मायाप्पानं वाकून धुरळ्याच्या मागं बोट नेलं. कळपाच्या पार शेवटी, तांबडा ठिपका. फेटा. आम्ही इतका वेळ मोजत बसलो होतो आणि तो माणूस आमच्यापैकी एकालाही दिसला नव्हता.

आबा बराच वेळ त्या ठिपक्याकडं बघत राहिले. "समद्यांच्या मागं," ते म्हणाले. मग आवाज चढवला, "बघतुयास काय? लाव परत. सरळ लाव!"

दोरी पुन्हा खिळ्यावर चढली. मी पद्माचा हात इतका जोरात दाबला की ती "आई गं" म्हणाली. आबा दाराकडं गेले, समईच्या वातीपाशी बोट नेलं, काजळी घेतली आणि येऊन काचेच्या कोपऱ्यात चांगली ठसठशीत तीट लावली. चित्रांना कुणी बोट लावलं की ज्या पद्माचा पारा चढतो, ती पद्मा नुसती डोळे पुसत होती.

"आता बघा किती बघायचं ती," आबा आम्हा सगळ्यांना म्हणाले. "मोजायचं तेवडं न्हाय."

पोरं हसली, काका हसले, हॉलमध्ये पुन्हा गलका झाला. मायाप्पा स्टुलावरून उतरत होता, तेवढ्यात आबांनी त्याला दंडाला धरून थांबवलं.

"हिकडं ये. मेंढरांचं झालं. पर मगापास्नं जो त्यो तुजंच नाव घेतुय." आणि बोटाला उरलेली काजळी त्यांनी त्या दाढीवाल्या, त्यांच्याहून हातभर उंच लेकाच्या कानामागं लावली. त्याला वाकावं लागलं.

मला रडूच फुटलं. लपवलं नाही मी, कशाला लपवायचं?

संध्याकाळच्या गाडीनं निघाले. पद्मानं शेंगापोळ्यांचा डबा दिला होता, तो मांडीवर. कलाकार स्वतःचं काम घेऊन भिंतीसमोर उभा राहतो तेव्हा तो लोकांच्या पसंतीची वाट बघत असतो, असं मी आजवर समजत होते. लोक राहिले बाजूला. वाट एकाच माणसाची असते, आणि तो येईलच असं नसतं. मायाप्पाचा आला!

गाडी सुटली आणि फोन वाजला. पद्मानं सगळ्या कलाकारांचा एकत्र फोटो पाठवला होता. बार्शीचे सर पोट आत घेऊन, पद्मा निळ्या बोटांनी पदर धरून, सगळे कॅमेऱ्याकडं बघून हसतायत. एकटा मायाप्पा बाजूला बघत होता. मला वाटलं, फोटोग्राफर असून याला सरळ बघता येऊ नये? मग मी फोटो मोठा करून बघितला. त्यानं मुद्दाम मान वळवली होती, कानामागची तीट नीट दिसावी म्हणून.