लाल दोऱ्याची मरळ

चिखलीहून बैलांची दमणी घेऊन आलेल्या गड्याने दादा गेल्याचं सांगितलं, तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘सुटला’. वहिनींना तो अजून बोचतो. बोचू दे. मेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. पण माझ्या भावाबद्दल नुसतं चांगलं बोलायचं तर हा लेख दोन ओळींत संपेल, आणि त्या दोन ओळी खोट्या असतील.

आमचं घर शेतीचं. थोरल्याने कपाशी बघावी एवढीच वडिलांची इच्छा. हा नागपूरला शास्त्र शिकला आणि सरकारच्या मासळी खात्यात लागला तो कशासाठी, तर मरळीची तब्येत पाहायला! मरळ म्हणजे आपल्याकडचा मोलाचा मासा, बाजारात जिवंत विकला जाणारा. पैनगंगेच्या डोहातली मरळ कमी होते आहे का, तिच्या अंगावर चट्टे कशाने उठतात, हे त्याला शोधायचं होतं. घरी यायचा तो मासळीचा वास घेऊनच. आई कपाळावर हात मारून म्हणे, “लोकायचे पोरं कचेरीत बसतात, अन् हा माशाची नाडी पाहून राह्यला!” तो हसायचा. “आई, मरळ सरली तं डोहावरचे भोई काय खातीन?” त्याला खरंच ती काळजी होती... हेच तर वाईट.

त्याची युक्ती साधी होती. मरळ धरायची, पाठीवरच्या पंखात लाल रेशमाचा दोरा ओवायचा आणि परत डोहात सोडायची. पुढे भोयांच्या जाळ्यात दोरेवाल्या मरळी फार आल्या, तर डोहात मासळी थोडी. क्वचित आल्या, तर डोह भरलेला. दादा रोज काठावर बसून भोयांच्या टोपल्या तपासायचा. एकीलाही दोरा नसे! पोरासारखा नाचला तो. डोह मरळीने गच्च भरला आहे, कितीही काढा, असं त्याने वर कळवलं. खात्याला तेवढंच हवं होतं. डोहाचा लिलाव झाला, बाहेरचा ठेकेदार आला, बारीक डोळ्यांची जाळी आली.

पहिलं जाळं ओढलं तेव्हा मी तिथेच होते. काठावर मरळी तडफडत होत्या आणि जिकडे पाहावं तिकडे लाल दोरे. बिनदोऱ्याची मरळ शोधावी लागत होती. दादाच्या मागे सखू भोईण उभी होती. तिच्याकडे वळून तो ओरडला, “तुमच्या जाळ्यात ह्या कधीच कशा नाही आल्या?”

“आल्या ना, साहेब. रोज येत होत्या. लाल दोरा पाह्यला की आमी सोडून देत होतो. म्हटलं, कोनं तरी आसरांले नवस केला असन. नवसाचा मासा खाल्ला तं घरादाराचं वाटोळं होते.”

“मग सांगितलं काऊन नाही?”

“तुमी इचारलं काऊन नाही?”

डोहातल्या आसरांचा, त्या पाण्यातल्या देवतांचा, धाक काठावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. माझ्या शिकलेल्या भावाला तो लाल दोरा ओवताना आठवला नाही! नवसाचं म्हणून भोयांनी उपाशी राहून जे जपलं, ते ठेकेदाराने एका उन्हाळ्यात विकून खाल्लं. पिल्लांची राखण करणाऱ्या जोड्याही सोडल्या नाहीत. ठेका थांबवा म्हणून दादाने साहेबांचे पाय धरले. साहेब म्हणाले, “तुम्हीच तर लिहिलंत.” भोई कापसाच्या जिनिंग कारखान्यात रुई उचलायला गेले. ज्यांची छाती रुईने भरली, ते परतले नाहीत. दादाने नोकरी सोडली. त्याला कोणी शिक्षा केली नाही, आणि तेच त्याला सोसलं नाही. बरं झालं सोसलं नाही, असं मी म्हणते, आणि रडतेही.

तेराव्यानंतर मी चिखलीच्या बाजारात गेले. नोकरी सोडल्यापासून दादा दर बाजाराला मासळीच्या ओळीत जायचा, एकेक मासा उलटून त्याची पाठ बघायचा आणि काही न घेता निघून यायचा. लोक त्याला येडा म्हणत. ओळीच्या टोकाला सखू बसली होती. मला पाहून तिने पदर सावरला, दादाचं विचारलं नाही. टोपली तेवढी पुढे सरकवली.

“पाहून घ्या, बाई. तुमचे दादा पाहूनच जात.”

टोपलीत मुंबईकडून आलेले सुके बोंबील होते. मी खाली बसले आणि एकेक उलटून पाहिला.