दोन पेरांएवढा घोडा

माझा भाऊ माझ्यापेक्षा सात वर्षांनी लहान. सिडनीत राहतो, पुलांच्या बांधकामाची तपासणी करतो आणि सुट्टी मिळाली की पाठीला सिलिंडर बांधून समुद्रात उतरतो. शार्क, बुडालेली जहाजं यांचं त्याला काही नाही. तो शोधतो बोटाएवढे जीव, तेही असे की शेवाळात बसले तर शेवाळच वाटावेत. मी नाशिकरोडला एका ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. तो फोटो पाठवायचा आणि मी पेपर तपासायचे सोडून त्यात डोळे घालून बसायचे. अशाच एका फोटोवरून बोलता बोलता तो म्हणाला, "ताई, फोटोत काय शोधतेस? ये इकडे."

मला तेव्हा पोहताही येत नव्हतं. पंचेचाळिसाव्या वर्षी सकाळच्या महिला बॅचला नाव घातलं, पुढच्या वर्षी मालवणला जाऊन डायव्हिंगचा कोर्स केला. सिडनीला निघाले तेव्हा माझ्या खात्यावर एकूण नऊ डुबक्या होत्या, सगळ्या कोमट पाण्यातल्या. आई माझ्याकडे राहते. तिला आम्ही दोघांनी मिळून सांगितलं होतं की बोटीत बसून मासे बघणार आहोत.

तिकडे नुकता हिवाळा संपत होता. पाणी सोळा अंशांवर. सिडनीच्या दक्षिणेला एका खाडीच्या तोंडाशी खडकांचा उतार आहे, तिथून चालतच पाण्यात शिरायचं. जाड रबरी सूट, डोक्यावर टोपी, हातमोजे. मला मान वळवता येईना. भावाने माझे सगळे पट्टे एकेक करून ओढून पाहिले, हवेची नळी तपासली आणि मग म्हणाला, "एकच गोष्ट लक्षात ठेव. मी दिसलो नाही तर एक मिनिट शोधायचं. नाहीच दिसलो तर सावकाश वर यायचं. खाली वाट बघत बसायचं नाही. वर भेटू."

"आणि तू?"

"मी पण तेच करणार."

बारा मीटरवर तळ लागला. हिरवट, धूसर पाणी. खडकांवर केल्प नावाचं तपकिरी शेवाळ, पट्ट्यापट्ट्यांचं, कमरेएवढं उंच. लाट आली की ते सगळं रान एका बाजूला झुकायचं आणि आपणही त्याच्याबरोबर हातभर सरकायचो. केल्पच्या खाली स्पंज, लाल तांबूस शेवाळाचे झुपके, शंखांचा चुरा. आम्ही शोधत होतो तो प्राणी समुद्रघोड्याचा नातलग. लांबी आपल्या बोटाच्या दोन पेरांएवढी, रंग त्या लाल शेवाळासारखा. भावाने दोन वर्षांत तो एकदाही पाहिला नव्हता. त्याच्या ओळखीतल्या एकाला मागच्या आठवड्यात याच उतारावर दिसला होता.

पहिली दहा मिनिटं मला काहीच दिसेना. थंडीने दात वाजत होते, तोंडातली नळी दातांत धरून ठेवायची म्हटलं तरी जबडा दुखत होता. लहानपणी निफाडजवळच्या मळ्यात वडील आम्हाला द्राक्षाच्या खोडावरचा पिठ्या ढेकूण शोधायला बसवायचे. साल सोलली की पांढरा ठिपका, आणि ठिपक्यागणिक शिव्या. मी डोळे ताणून बघत राहायचे. ते म्हणायचे, "अशी टक लावू नको. नजर ढिली सोड, म्हंजे दिसल." मी तसंच केलं. एका झुपक्यासमोर गुडघे टेकून थांबले आणि कशाकडेच पाहिलं नाही.

लाट आली, झुपका डावीकडे गेला. त्यातली एक काडी किंचित उशिरा गेली.

मी टॉर्च आडवा धरला. काडीला डोळा होता, मोहरीएवढा. शेपटीचा वेढा शेवाळाच्या देठाला घट्ट आणि पाठीवर शेवाळासारखेच तुरे. तोंड माझ्याकडे होतं. पुन्हा लाट आली, पुन्हा तो उशिरा हलला. मी श्वास धरून ठेवला, जे पाण्याखाली कधीच करायचं नसतं. किती वेळ बघत होते सांगता येणार नाही. मग भावाला दाखवायला वळले.

तो नव्हता.

उजवीकडे केल्प, डावीकडे केल्प, मागे खडकाची कड. मी टॉर्च फिरवला. उजेड धुक्यात जावा तसा पाण्यात विरला. घड्याळ बघितलं आणि मिनिट मोजायला सुरुवात केली. खडकाच्या कडेपर्यंत गेले, पलीकडे डोकावले, सिलिंडरवर टॉर्चची मूठ आपटून आवाज केला. माझ्याच श्वासाचा घरघराट कानांत होता, दुसरं काही ऐकू येईना. त्या साठ सेकंदांत मला एक लाज वाटली, ती आठवते. मी घोड्याकडे बघत बसले होते आणि भाऊ किती वेळापूर्वी गेला हे मला माहीत नव्हतं.

मिनिट संपलं. मी सावकाश वर आले.

वर पाणी जवळजवळ शांत होतं. किनाऱ्यावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. बाकी कुणी नाही. मी गोल फिरून पाहिलं. तो वर आलेला नव्हता. म्हटलं, येईल, त्यानेही मिनिट मोजलं असेल. दोन मिनिटं झाली. तीन झाली. मी म्हाताऱ्याला हात केला, त्याला वाटलं मी नमस्कार करतेय. त्यानेही हात हलवला.

मग मला बुडबुडे दिसले. वीसेक हातांवर, खडकाच्या बाजूला, पाण्यावर बारीक फेस येत होता. मी तिकडे पोहत गेले. म्हणजे तो खाली होता आणि श्वास घेत होता. जिवात जीव आला. पण फेस जागचा हलत नव्हता. मला शोधणारा माणूस एका जागी थांबेल कशाला?

माझ्या मीटरवर ऐंशी बार दाबाची हवा उरली होती. दोनशेने सुरुवात केली होती. एकटीने पुन्हा खाली जायचं नाही, हे मालवणला बजावून सांगितलं गेलं होतं. मी म्हाताऱ्याकडे बघून जोरात ओरडले, इंग्रजीत, की मदत बोलवा, माझा भाऊ अडकलाय. तो उठून उभा राहिला. त्याने फोन काढला का ते बघायला मी थांबले नाही.

बुडबुड्यांच्या कडेकडेने खाली गेले. आधी त्याच्या पायातले पिवळे फिन्स दिसले. तो खडकाच्या खाचेत पोटावर पडल्यासारखा होता आणि दोन्ही हात मानेमागे नेऊन काहीतरी चाचपत होता. मला पाहिल्यावर त्याचे डोळे मोठे झाले. त्याने बोटाने आधी मानेमागे दाखवलं, मग पायाकडे, आणि दोन बोटांची कात्री केली.

मासेमारीची दोरी. कुणाची तरी जुनी, तुटलेली, खडकात गुंतून राहिलेली. नायलॉनची पारदर्शक दोरी पाण्यात दिसतच नाही. त्याच्या सिलिंडरच्या तोटीला तिचे वेढे पडले होते आणि दुसरं टोक पायाच्या पट्ट्यात. जितका ओढत होता तितकी आवळत होती. त्याचा चाकू खाचेत खाली पडलेला, हात पोचत नव्हता. मी त्याचं हवेचं मीटर पाहिलं. पन्नास.

सिलिंडर ज्याला बांधलेला असतो त्या माझ्या जॅकेटच्या पट्ट्याला एक छोटं कटर होतं. ते काढताना हातमोज्यातून बोटं वळेनात, म्हणून उजवा मोजा काढून टाकला. तो तरंगत वर गेला. दोरी दिसत नव्हती, म्हणून डाव्या हाताने तोटी चाचपत गेले. एक वेढा लागला, कापला. भाऊ हलला नाही. अजून एक. मी टॉर्च गुडघ्यात धरून तिरपा केला, तेव्हा केसासारखी एक चमक दिसली आणि लगेच गेली. पुन्हा लाट यायची वाट पाहिली. पुन्हा चमक. तिथे कटर घातलं. त्याचं डोकं एकदम सुटून पुढे गेलं.

पायाचा गुंता सोपा होता, पण तिथे मी त्याचा सूटही कापला. त्याने माझा दंड धरला आणि अंगठा वर केला, म्हणजे वर जाऊ. वर पोचलो तेव्हा माझ्याकडे चाळीस होती, त्याच्याकडे तीस.

म्हातारा गुडघाभर पाण्यात येऊन उभा होता. त्याने आम्हा दोघांना एकेका हाताने ओढून खडकावर घेतलं, मग फोनवर कुणाला तरी सांगितलं की नको, आले बाहेर. आमच्याशी फारसं बोलला नाही. त्याचा डबा उघडून दोन बिस्किटं दिली आणि गळाकडे परत गेला.

गाडीच्या डिकीत बसून आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. पहिला कप मी भावाला भरून दिला.

"कुठे गेला होतास?"

"खडकापलीकडे एक समुद्री गोगलगाय दिसली. निळी. तुला बोलवायला वळलो तर मागून धरलं गेल्यासारखं झालं. मला तुझा टॉर्च दिसत होता, ताई. तू सिलिंडर वाजवलंस तेही ऐकलं. मग टॉर्च वर गेला."

मी थर्मासचं झाकण घट्ट लावलं.

"मला वाटलं, आता तू वरच थांबशील. मीच सांगितलं होतं तसं."

"मी आले नसते तर?"

"जॅकेट काढून निघालो असतो. शिकवतात ते." त्याने चहाचा घोट घेतला. "बहुतेक."

संध्याकाळी आईचा व्हिडिओ कॉल आला. मी मासे किती छान होते ते सांगायला लागले, तर भावाने माझ्या हातातून फोन घेतला आणि तिला सगळं सांगून टाकलं. बोट नव्हती इथपासून.  मग आईने विचारलं, "किती खोल होतं?"

"बारा मीटर."

"आपल्या मळ्यातल्या विहिरीएवढं," ती म्हणाली. त्या विहिरीत आम्हाला लहानपणी कधी वाकूनही पाहू दिलं नव्हतं. "तिला दे."

मी फोन घेतला.

"खोटं का बोललात माझ्याशी?"

"तू सोडलं नसतंस."

"नसतंच सोडलं." तिने डोळे पुसले नाहीत, चष्मा काढून पदराने काचा पुसल्या. "तुला भीती वाटली का गं खाली?"

"वर जास्त वाटली," मी म्हणाले. ते खरं होतं.

दोन दिवस आई माझ्याशी फोनवर कामापुरतंच बोलली. भावाने डायव्हिंगचं सामान धुऊन गॅरेजमध्ये टांगलं आणि त्याबद्दल शब्द काढला नाही. रात्री जेवताना त्याने सहज विचारल्यासारखं विचारलं, "तुला तो दिसला होता का?" मी हो म्हटलं. त्याने मान हलवली आणि कुठे, कसा, हे विचारलं नाही. त्याचं ते न विचारणं मला खुपलं.

परतायच्या आदल्या दिवशी मीच म्हटलं की अजून एकदा जाऊ. तो नको म्हणाला. मग सकाळी उठून पाहते तर सिलिंडर गाडीत भरलेले. आईला या वेळी आधी फोन केला. ती म्हणाली, बाहेर आल्याबरोबर कळवा, आणि फोन ठेवला.

त्या झुपक्याची जागा मला सापडेल असं वाटलं होतं. सगळे झुपके सारखे दिसत होते. आम्ही एकेका झुपक्यासमोर थांबलो, लाटा मोजल्या, काड्या पाहिल्या. सगळ्या काड्या शेवाळाच्याच निघाल्या. चाळीस मिनिटं भावाने माझा कोपर धरून ठेवला होता. त्यामुळे मला टॉर्च नीट फिरवता येत नव्हता, पण मी हात सोडवून घेतला नाही.