हृदयाच्या झडपा

शंभुराज सर आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवतात. ताडकळसच्या आसपासची पोरं शाळेत येतात. फळ्यावर आकृती काढून मोकळं होणं सरांना जमत नाही. हवेचा दाब शिकवायचा तर पत्र्याचा डबा तापवून, झाकण लावून त्यावर गार पाणी ओततात; डबा पोरांसमोर चेपतो. हातानं केलेलं डोक्यात राहतं, असं ते म्हणतात.

गेल्या हिवाळ्यात रक्ताभिसरणाचा धडा आला तेव्हा त्यांनी खाटकाकडून बकऱ्याचं हृदय स्टीलच्या डब्यात आणलं. सर स्वतः लिंगायत, गळ्यात दोऱ्याला चांदीच्या डबीतलं इष्टलिंग, घरात अंडंसुद्धा नाही. खाटकाच्या दुकानाची पायरी ते पहिल्यांदाच चढले. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांनी बाहेर बसावं, असं त्यांनी वर्गात आधीच सांगितलं. लिंगायतांची पोरं उठली. त्यांच्यातलीच दहावीतली महेश्वरी उठली नाही. तिनं झडपेत बोट घातलं, वरून पाणी ओतलं. पाणी खाली गेलं, उलट येईना. तिनं पुन्हा पुन्हा करून पाहिलं.

रात्री जेवताना तिनं हे आजीला, भागम्माला, हरखून सांगितलं. अकरावीला सायन्सच घेणार, असंही म्हणाली. बाप बसवराज किराणा दुकानदार. त्यानं ताट भिंतीवर फेकलं, पोरीला केसाला धरून चुलीपाशी ओढलं आणि त्या बोटावर तापलेलं उलथणं दाबून धरलं. भागम्मा आडवी आली, तिला ढकललं. तिचं कपाळ उंबऱ्यावर फुटलं. आजपासून शाळा बंद, असं त्यानं सांगून टाकलं.

सकाळी प्रार्थना चालू असताना तो लोखंडी गज घेऊन फाटकातून आत शिरला.

"आपल्यातला असून पोरीला मांस शिवायला लावायलास व्हय रे?"

पहिला घाव सरांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मागच्या रांगेपर्यंत गेला. सर पडले, तरी तो तोंडावर लाथा घालत राहिला. शिपाई मुंजाजीनं मागून धरलं तर कोपरानं त्याचा ओठ फोडला. मग त्यानं सरांच्या गळ्याला हात घातला. "हे घालायची लायकी न्हाई तुझी," म्हणत दोरा हिसकला. चांदीची डबी फरशीवर उघडली आणि लिंग मातीत घरंगळलं.

बसवराजच्या हातातून गज सुटला. जित्या माणसाच्या अंगावरचं लिंग काढणं म्हणजे त्याचा जीव घेणं, असं मानणाऱ्यांतला तोही. खाली वाकायची त्याची हिंमत होईना. त्याच्या मागं धावत आलेली महेश्वरी वाकली. बोटाला चिंधी बांधलेली होती. तिनं लिंग उचलून सरांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. सरांनी ते कपाळाला लावलं.

सरांना परभणीच्या दवाखान्यात नेलं, तिथं समाजाची मंडळी आली. बसवराज प्रायश्चित्त घेईल, आपल्यातलं आपल्यात मिटवू, असं त्यांचं म्हणणं.

"माझ्या हाताचं सोडून देतो," सर म्हणाले. "पोरीचं बोट कसं भाजलं, ते पोरीला विचारा."

कपाळाला टाके घालायला भागम्मालाही तिथंच आणलं होतं, महेश्वरी सोबत होती. जबाब घ्यायला आलेल्या हवालदारानं पोरीला विचारलं. भाकरी करताना चटका बसला, असं भागम्मानंच मधे सांगून टाकलं. बसवराज दारातच उभा होता. महेश्वरीनं त्याच्याकडं पाहिलं.

"आप्पांनी भाजलं," ती म्हणाली. "मी ओरडायले तरी धरून ठिवलं."

त्याला पोलिसांनी संध्याकाळीच नेलं. दवाखान्यातून निघताना भागम्मा नातीशी बोलली नाही. महेश्वरी आता सेलूला मामाकडं राहते, अकरावी सायन्सला आहे. दिवाळीला ती गावी आली होती. भागम्मानं दार उघडलं नाही. ती त्याच एसटीनं परत गेली.