दाऊदचाचांची जपानी पिन

आगरदांड्याच्या धक्क्यावर दिघीची होडी भरेपर्यंत करायचं काय? गप्पा! मी तिथे तिकिटं फाडायचो, त्यामुळे किस्से न मागता गोळा व्हायचे. त्यातले निम्मे एकाच पिनेचे निघाले, ते तेवढे सांगतो.

पिन दाऊदचाचांची. म्हातारे तांडेल, होडी त्यांचीच. पहिल्या जर्मन लढाईच्या वेळी, जपानी तेव्हा इंग्रजांच्या बाजूने होते, चाचा आगबोटीवर खलाशी होते. सिंगापूरच्या बंदरात एक जपानी आरमारी गडी शिडीवरून पाण्यात पडला. चाचांनी उडी मारून त्याला काढलं. त्याने कोटावरची पिन चाचांच्या मुठीत कोंबली, रडत रडत पुन्हा पुन्हा आपलं नाव सांगितलं, "हरिगातो! हरिगातो!" आणि गेला.

तेव्हापासून दर जुम्म्याला चाचा या हरिगातोसाठी दुआ मागायचे. "नाव घेतल्याबिगर दुआ पोचंल कशी?" पिनेवर जी अक्षरं कोरलीत त्यात तेच नाव आहे ना, एवढी एकच खात्री त्यांना डोळे मिटायच्या आधी करून घ्यायची होती.

*

चाचांचे जिवलग म्हणजे पांडू नाखवा, कोळी. त्यांनी पिन नाकाशी धरली.

"मिया, हरिगातो न्हाय, हरिगत, हरीचा नाव! ह्यो तर आमच्यातला!"

"तुमच्यातला आसता तर पोहला नसता काय रे?"

*

पोस्टमास्तरांनी बघताक्षणी सांगितलं, "चिनी आहे."

"तुमाला चिनी वाचता येतं?"

"नाही ना, म्हणून तर चिनी!"

*

मौलवीसाहेबांनी उजवीकडून वाचून पाहिलं, डावीकडून पाहिलं, मग वरून खाली. शेवटी पिन परत देत म्हणाले, "वाचता येत नाही. पण माणूस तहजीबवाला असणार, अक्षर सुरेख आहे!"

*

एकदा चाचा तापाने फणफणले. जुम्मा चुकणार म्हणून जीव नुसता कासावीस! नाखवा उठले आणि देवीच्या देवळात जाऊन आले.

"आईला सांगितलं, मियाच्या हरिगताला संभाळ. माझ्या परीनं नाव घेतलं, चालंल ना?"

"चालंल. पर शेवटला 'ओ' लावायचास!"

*

आणि मग मुंबईचा एक जपानी कापूसवाला समुद्रातला किल्ला बघायला धक्क्यावर आला. चाचांनी हातातलं वल्हं टाकलंच. रुमालातून पिन काढून साहेबापुढे धरली.

त्याने मोडक्या हिंदुस्तानीत वाचलं, "जपानी नेव्ही. तोप का निशाना, अव्वल इनाम."

"नेम अचूक, आन शिडीवर पाय पडंना!" नाखवा.

"गप रे! साहेब, नाव? हरिगातो लिवलाय ना?"

साहेबाने दोन्ही हातांनी पिन परत केली. "इस पे नाम नहीं, चाचा. और आरिगातो नाम नहीं होता. आरिगातो मतलब शुक्रिया."

चाचा रुमालाची घडी घालत राहिले. इतकी वर्षं त्या नावाने दुआ मागितली हो!

"मंग त्याचा नाव काय?" चाचांनी हळूच विचारलं. ते त्या साहेबाला तरी कुठून ठाऊक असणार?

पुढच्या जुम्म्याला चाचा मशिदीतून बाहेर आले तेव्हा नाखवा दारात उभेच होते. मीही होतो.

"आज काय मागितलंस, मिया?"

"मागितलं काय न्हाय. नुसता म्हनलो, या अल्ला, हरिगातो!"